दरबारात मंत्र पुटपुटला आणि सगळ्यांनी ऐकला

ताई, नमस्कार.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी विश्रामबागेत एका मित्राच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून कथा रचायचा खेळ खेळतो. मित्राचा थोरला भाऊ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. नियमांची पुस्तकं 2014 ची आहेत, पण दादानं 2024 चंही घेतलंय. माझं पात्र बार्ड, म्हणजे जादू जाणणारा गवई, तिसऱ्या लेव्हलला आहे, पुढच्या सेशनला चौथी मिळणार.

गेल्या रविवारी आमची पार्टी एका बंदराच्या शहरात सुभेदाराच्या मेजवानीला गेली होती. खजिनदाराकडून तळघराची किल्ली काढायची होती. मी म्हणालो, 'त्याच्या शेजारी बसून मी हळूच सजेशन टाकतो.' (समोरच्याला आपली सूचना पाळायला लावणारा हा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र.) दादा म्हणाला, 'टाक.' आणि पुढच्याच वाक्याला, 'अख्ख्या दालनानं ऐकलं. पहारेकऱ्यांनी तलवारी उपसल्या. इनिशिएटिव्ह रोल करा.' म्हणजे लढाई सुरू. मी म्हटलं, मी कुजबुजलो होतो, पाहिजे तर स्टेल्थ रोल करतो. तो नाहीच म्हणाला. त्यात माझी मावसबहीण त्याच्या बाजूनं. ती सॉर्सरर, म्हणजे उपजत जादू असलेलं पात्र, खेळते, आणि सटल स्पेल म्हणजे मंत्र-हातवाऱ्यांशिवाय स्पेल टाकायची तिची क्षमता. 'मी सटल स्पेल घेतलंय ते काय उगाच? तुला फुकट कसं मिळेल?' भांडण इतकं वाढलं की सेशन तिथंच थांबलं. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कुणाशी बोलत नाही.

मला जास्त राग याचा आलाय की मागं दादाच्याच दरबारी जादूगारानं आमच्यासमोर बसून आमची मनं वाचली होती आणि आम्हाला पत्ताही लागला नव्हता. तेव्हा हा नियम कुठं गेला होता? कुजबुजून स्पेल टाकता येतो की नाही, आणि कुणाला न कळता टाकायचाच असेल तर करायचं काय?

— कुजबुजणारा बार्ड, विश्रामबाग

*

बार्डबुवा,

नियमापुरतं विचारशील तर दादा बरोबर आहे, आणि तुझी बहीणही. पण दादानं तो नियम ज्या रीतीनं लावला ती मला पटलेली नाही, आणि तलवारी उपसायचं तर काही कारणच नव्हतं.

आधी कुजबुजीचं बोलू. स्पेल टाकायला जे लागतं ते कंपोनंट: वर्बल म्हणजे मंत्र, सोमॅटिक म्हणजे हातवारे, मटेरियल म्हणजे वस्तू. 2014 च्या पुस्तकात वर्बल कंपोनंटबद्दल लिहिलंय ते असं, की मंत्राची ताकद त्यातल्या शब्दांत नसते, ध्वनींच्या ठरावीक पट्टीत आणि घुमण्यात असते. आवाज किती मोठा हवा हे मात्र तिथं लिहिलेलं नाही. त्या एका फटीतून पुढची दहा वर्षं जगभरचे बार्ड कुजबुजत राहिले. 2024 च्या पुस्तकानं ती फट बुजवून टाकली: मंत्र नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणावा लागतो. ओरडायची गरज नाही, पण ओठातल्या ओठात पुटपुटलेलं चालत नाही. सोमॅटिकची व्याख्या दोन्हीकडे जवळपास एकच आहे. जोरकस हातवारे किंवा बोटांच्या गुंतागुंतीच्या मुद्रा, आणि त्यासाठी निदान एक हात मोकळा. कान खाजवल्यासारखं करून ते उरकत नाही.

मधल्या काळात, 2017 साली, 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' हे पुस्तक आलं आणि त्यात हा प्रश्न सरळच घेतला. स्पेलला वर्बल, सोमॅटिक किंवा मटेरियल यांपैकी एक जरी कंपोनंट असेल तरी तो टाकताना आसपासच्यांच्या लक्षात येऊ शकतं. कंपोनंटची गरजच एखाद्या खास क्षमतेनं काढून टाकली असेल, तर मात्र कुणाला काही कळत नाही. सटल स्पेलचं नाव उदाहरण म्हणून तिथंच दिलंय. म्हणजे बहीण जे बोलली ते पुस्तकातलंच आहे.

स्टेल्थचं दादानं नाकारलं तेही ठीकच केलं. स्टेल्थ म्हणजे आपण स्वतः लपणं. खजिनदाराच्या मांडीला मांडी लावून जेवणारा माणूस लपलेला नसतो.

आता दादाकडे येते. स्पेल टाकलाय हे कळणं वेगळं आणि कोणता टाकलाय हे कळणं वेगळं. खरसुंडीच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात रुमालाखालचा सौदा पाहिला असशील. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा ठरतो. सौदा चाललाय हे साऱ्या बाजाराला दिसतं, आकडा त्या दोघांनाच ठाऊक. तुझ्या दरबारातही हेच व्हायला हवं होतं. स्पेल ओळखायचा तर झॅनाथारप्रमाणे अर्कानाचा, म्हणजे जादूच्या ज्ञानाचा, रोल लागतो आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, असते 15 अधिक स्पेलची लेव्हल. सजेशन दुसऱ्या लेव्हलचा, म्हणजे डीसी 17. शिवाय टाकतानाच ओळखायचा तर रिअ‍ॅक्शन खर्च होते. साध्या पहारेकऱ्याला अर्कानात वरचं काहीच मिळत नाही. वीस बाजूंच्या फाशावर 17 किंवा वर पडायला हवं, म्हणजे पाचात एक संधी. अर्काना +5 असलेला विझर्ड दालनात असता तरी त्याचीही संधी निम्म्याहून कमीच होती.

मग त्या दालनाला काय कळलं? की पाहुण्यांपैकी एक कलावंत काहीतरी अगम्य पुटपुटला. जेवणाआधी पुजारी आशीर्वाद देतात त्या शहरात? दुकानदार हिशेबाचा दिवा कँट्रिपनं, म्हणजे छोट्या फुकटच्या स्पेलनं, लावतात त्या शहरात? तिथं पहारेकरी आधी 'काय चाललंय रे?' असं विचारेल. जादूला बंदी असलेल्या राज्यात तलवार उपसेल. हे शहर दोन्हींपैकी कोणतं, ते दादानं तुम्हाला आधी सांगितलं होतं का? तुझ्या पत्रावरून तरी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. तू 'हळूच टाकतो' म्हणालास तेव्हाच तुझ्या डोक्यात काय आहे ते दादाला कळलं होतं. तुला नियम माहीत नसेल, पण तुझा बार्ड त्या जगात लहानाचा मोठा झालाय. त्यानं मंत्र शिकायला वर्षं घातलीत. मंत्र ऐकू जातो हे त्याला ठाऊकच असणार. अशा वेळी डीएमनं विचारायचं असतं: 'ऐकू जाईल बरं का, तरी टाकतोस?' एवढं एक वाक्य बोलला असता तर भांडणही झालं नसतं आणि स्लॉटही (स्पेल टाकायची मोजकी संधी) वाया गेला नसता. तिसऱ्या लेव्हलच्या बार्डला दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच असतात, हे दादाला माहीत नाही असं थोडंच आहे.

बहिणीची बाजूही आकड्यांत बघ. 2014 च्या पुस्तकाप्रमाणे तिसऱ्या लेव्हलला तुला सहा स्पेल येतात, तिला चार. तिला मेटामॅजिकचे, म्हणजे स्पेल बदलण्याच्या युक्त्यांचे, दोनच पर्याय निवडता येतात, त्यातला एक तिनं यावर घातलाय. सॉर्सरी पॉइंट तीन, आणि सटलचा प्रत्येक वापर एक पॉइंट खातो. हे सगळं मोजून तिनं काय विकत घेतलं? कुणाला न कळता स्पेल टाकणं. तेच तुला 'मी कुजबुजतो' एवढ्यावर मिळालं तर तिच्या कॅरेक्टरला उरलं काय? तिचा राग मला अगदी समजतो. खेळ पूर्वीपासूनच या गोष्टीचे पैसे वसूल करत आलाय. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बिनआवाजाचा स्पेल टाकायला एक फीट, म्हणजे वेगळी निवडायची खास क्षमता, आणि बिनहातवाऱ्याचा टाकायला दुसरी लागायची. त्यावर प्रत्येकीसाठी स्लॉट एक लेव्हल वरचा. दोन्ही लपवायचं तर दोन लेव्हल वरचा. पाथफाइंडर या त्याच धर्तीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही विझर्डला त्यासाठी वेगळी फीट घ्यावी लागते.

मात्र बहिणीलाही एक बारकावा दाखव. भांडायला नव्हे, पुढं अडचण होऊ नये म्हणून. 2014 चं सटल स्पेल फक्त वर्बल आणि सोमॅटिक काढतं. मटेरियल तसंच राहतं. सजेशनला मटेरियल आहे: सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड्या तेलाचा थेंब. नाहीतर त्याऐवजी फोकस, म्हणजे जादूचं साधन, हातात हवा. तेव्हा काटेकोर वाचलं तर तिचंही सजेशन पूर्णपणे गुप्त राहत नाही. चार्म पर्सन या स्पेलला मटेरियल नाही, तो गुप्त राहतो. 2024 च्या पुस्तकात सटल मटेरियलही काढून टाकतं, फक्त किंमत लिहिलेलं किंवा स्पेलमध्ये संपून जाणारं मटेरियल सोडून. तुमच्याकडे दोन्ही पुस्तकं आहेत, म्हणून सटल कोणत्या पुस्तकातलं चालणार हे एकदाच ठरवून टाका. रविवारी हे आणि पुढच्या रविवारी ते, असं करू नका. सजेशन आणि सटल दोन्ही मोफत मिळणाऱ्या 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट'मध्ये आहेत. ते 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुलं आहे, त्यामुळे कुणाला पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. झॅनाथार मात्र त्यात नाही.

सजेशनबद्दल अजून एक गैरसमज सगळीकडे दिसतो. 'किल्ली मला देऊन टाका, साहेब' हे जे वाक्य तू खजिनदाराला बोलणार तेच वर्बल कंपोनंट, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मंत्र वेगळा आणि सूचना वेगळी, असं खेळ बनवणाऱ्यांनी त्यांच्या अधिकृत खुलाशात स्पष्ट केलंय. आधी मंत्र, मग साध्या भाषेतली सूचना. आणि सटल लावलं तरी सूचना तोंडानं बोलूनच सांगावी लागते, कारण समोरच्याला ती ऐकू येऊन समजायला हवी. मंत्र गायब होतो, सूचना राहते. शेजारी बसलेल्या सुभेदाराच्या बायकोला 'किल्ली देऊन टाका' ऐकू गेलं तर तिला जादूचा संशय येणार नाही, पण भुवया वर जातीलच.

आता तुझा खरा प्रश्न, करायचं काय. माझं मत विचारशील तर तू चुकीची गोष्ट लपवायला बघतोयस. मंत्र म्हणताना लपायची धडपड करण्यापेक्षा मंत्र कधी आणि कुठं म्हणायचा ते हलव. सजेशन आठ तास टिकतं, एकाग्रता टिकवलीस तर. आणि 2014 च्या मजकुरात सरळ लिहिलंय की अमुक घडलं की तमुक कर अशी अट सूचनेला घालता येते. मग मेजवानीच्या ऐन गर्दीत कशाला? दुपारी खजिनदार कचेरीतून निघतो, जिन्यात एकटा असतो, तिथं गाठ. 'आज रात्री मेजवानीत एक गवई तुमच्याकडं पेला उंचावेल, तो सुभेदारांचा खासगी माणूस आहे, किल्ली त्याच्या हाती देणं शहाणपणाचं.' ऐकायला वाजवी वाटेल अशी सूचना हवी, ही तशी आहे. रात्री दालनात तू फक्त पेला उंचावायचास. तिथं ना मंत्र ना हातवारे, आणि दादाला तलवारी उपसायला निमित्तच नाही.

यात धोके दोन. एक म्हणजे खजिनदार विस्डमच्या सेव्हमध्ये, म्हणजे स्पेल झटकून टाकायच्या रोलमध्ये, वाचला तर जिन्यात त्याच्यासमोर मंत्र म्हणणारा तूच उभा असतोस, आणि तो आंधळा नाही. सूक्ष्म परिणामाचा स्पेल आपल्यावर पडला होता हे सहसा लक्षात येत नाही असं 2014 चं पुस्तक सांगतं, पण ते परिणामाबद्दल. मंत्र तर त्यानं कानांनी ऐकलाच. दुसरा धोका हा की आठ तास एकाग्रता अडकून पडते. मधे दुसरा एकाग्रतेचा स्पेल टाकलास की संपलं. तरी दालनातल्या गर्दीपेक्षा एका माणसासमोर पकडलं जाणं परवडतं.

हाच हिशेब बाकीच्या स्पेल्सना लाव. डिसगाइज सेल्फ तासभर टिकतो. गल्लीत टाकायचा आणि दारातून आत यायचं. एन्हान्स अ‍ॅबिलिटीही तासभर, त्यातला करिश्माचा पर्याय घेतलास की बोलणी करताना दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज मिळतो आणि तो कुठून आला हे कुणाला दिसत नाही. डिटेक्ट थॉट्स एकच मिनिट टिकतो, तेव्हा दाराबाहेर टाकून झटकन आत शिरावं लागतं. पण वरवरचे विचार वाचले तर समोरच्याला कळत नाही. खोल शिरायला गेलास तरच कळतं. आणि दादाच्या त्या दरबारी जादूगाराचं गुपित कदाचित हेच असेल, तुम्ही दालनात यायच्या आधीच त्यानं टाकून ठेवलं असेल.

अदृश्य होऊन टाकू असं मनात येईल, म्हणून सांगून ठेवते: साधी इनव्हिझिबिलिटी स्पेल टाकल्याक्षणी संपते. मंत्र म्हणतोस आणि सगळ्यांसमोर उगवतोस. याच्याइतकी फजिती दुसरी नाही.

गोंगाटाचा उपयोग होतो, थोडासा. नेहमीच्या आवाजातला मंत्र ढोल-ताशाच्या शेजारी चार हातांवर ऐकू जाणार नाही, हे कुठल्याही डीएमला पटेल. पण हातवारे गोंगाटात झाकले जात नाहीत, आणि ज्याला सूचना ऐकवायची त्यालाही ती ऐकू यायला हवी. सजेशनला सोमॅटिक नाही म्हणून तुझ्यापुरतं हे जमतं. मायनर इल्यूजनचं नेमकं उलटं, त्याला आवाज लागत नाही. हात हलवायचा आणि लोकरीचा तुकडा, किंवा तुझ्यासारख्या बार्डला वाद्य. तो मेजाखाली किंवा शालीखाली टाकू दे अशी विनंती दादाला करून बघ. मी डीएम असते तर तेवढी सवलत एका रोलवर दिली असती.

आणि सगळं स्पेलनंच कशाला? तिसऱ्या लेव्हलला बार्डला एक्स्पर्टीज, म्हणजे निवडलेल्या कौशल्यात दुप्पट प्रावीण्य, मिळते. पर्सुएशनमध्ये (मन वळवण्यात) ती घेतली असशील आणि करिश्मा 16 असेल तर तुझा पर्सुएशन +7 आहे. बोलण्याला कंपोनंट लागत नाही.

चौथ्या लेव्हलबद्दल. 2020 च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये मेटामॅजिक अ‍ॅडेप्ट नावाची फीट आहे. स्पेल टाकता येणाऱ्या कुठल्याही कॅरेक्टरला ती घेता येते. मेटामॅजिकचे दोन पर्याय आणि दोन सॉर्सरी पॉइंट मिळतात. ते पॉइंट फक्त मेटामॅजिकलाच वापरता येतात आणि लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) परत येतात. म्हणजे रोज दोन सटल स्पेल. मटेरियलचा वरचा बारकावा तुला आड येणार नाही, कारण तुझा फोकस म्हणजे वाद्य, आणि मेजवानीत बार्डच्या हातात वाद्य दिसलं म्हणून कुणाला संशय येणार? किंमत एवढीच की करिश्मा दोननं वाढवायची संधी जाते. 2014 च्या नियमात फीट ऐच्छिक आहेत, तेव्हा दादाची परवानगी लागेल. आणि दादाच्या आधी बहिणीला विचार. तिच्या कॅरेक्टरची जी ओळख आहे तीच तू उचलतोयस. ती 'घे' म्हणाली तर घे. नको म्हणाली तर दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: सजेशन तिच्याही यादीत आहे, स्पेल तिला टाकू दे आणि तू दालनाचं लक्ष स्वतःकडं ओढून घे. विष्णुदास भाव्यांच्या गावात राहतोस. सगळ्यांनी आपल्याकडं बघावं असा प्रवेश तुला रचता येत नाही असं म्हणू नकोस.

फीट नको, बहीणही नको, असं झालं तर घरगुती नियम करता येईल. मात्र तो सेशन सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांच्या संमतीनं करायचा, अडल्या जागी नाही. मी असा करेन: लढाईबाहेरच चालेल. मंत्र झाकायचा तर परफॉर्मन्सचा रोल, हातवारे झाकायचे तर स्लाइट ऑफ हँडचा, दोन्ही असतील तर दोन्ही रोल. समोर आसपासच्यांपैकी सगळ्यात जास्त पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न बघताही लक्षात येण्याचा आकडा). साधा पहारेकरी किंवा सरदार घेतलास तर ते 12 असतं, आणि जो तुझ्याकडं रोखून बघतोय त्याचं पाचनं जास्त, म्हणजे 17. तुझा परफॉर्मन्स +7 असेल तर पहारेकऱ्यांपुढं पाचात चार वेळा निभावेल आणि टक लावून बसलेल्या खजिनदारापुढं जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त. रोल फसला तर स्पेल पडतो, स्लॉट जातो आणि तू पकडला जातोस. काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल, तोही तुझ्यावर चालतो, कारण 2014 मध्ये त्याला स्पेल टाकताना दिसणं पुरतं. बहिणीच्या सटलला मात्र रोल नाही, आणि स्पेलला मटेरियल नसेल तर टाकताना काही दिसतच नसल्यानं तिच्यावर काउंटरस्पेलही चालत नाही. तुझा जुगार, तिची खात्री. एवढा फरक राखलात तर ती हरकत घेणार नाही असं मला वाटतं, पण विचारायचं तिलाच.

राहिला दादाचा जादूगार. आधीच टाकून ठेवला असेल हे मी वर म्हटलं. दुसरी शक्यता ही की तो माणूसच नसेल. काही प्राण्यांना जन्मजात स्पेल असतात आणि त्यांना कंपोनंट लागतच नाहीत. माइंड फ्लेअर नावाच्या राक्षसाची मनोशक्ती अशीच आहे, आणि मनं वाचणं त्याला हवं तितक्या वेळा जमतं. असं असेल तर तुमचा दादा एक छान धागा सोडून बसलाय आणि तू रागाच्या भरात तो तोडायला निघालायस. म्हणून हे सगळ्यांसमोर विचारू नकोस. एकट्याला गाठ, चहा पाज, आणि एवढंच विचार: 'त्याला जमलं त्याचं कारण जगात आहे का? कारण सांगू नकोस, हो की नाही तेवढं सांग.' हो म्हणाला तर विषय संपला, आणि तुझ्या बार्डला त्या जादूगाराचा संशय यायला हरकत नाही. नाही म्हणाला, तर मग तुझी तक्रार रास्त आहे. जो नियम खेळाडूंना तोच एनपीसींना, म्हणजे डीएमच्या पात्रांना, हे त्याला सांगायचा तुला हक्क आहे, आणि तो थोरला असला तरी सांग.

ग्रुपवरचा अबोला तूच मोड. लांबलचक मेसेज नको. बहिणीला वेगळं लिही की तिचं म्हणणं पुस्तकाला धरून होतं. दादाला लिही की इनिशिएटिव्ह रोल व्हायच्या आधीच्या क्षणापासून पुन्हा सुरू करू. स्पेल टाकला गेला हे मला मान्य, स्लॉट गेला हेही मान्य, फक्त पहारेकऱ्यांना अर्कानाचा रोल करू दे. डीसी 17 हा आकडा मेसेजमध्ये घाल. बहुतेक डीएम एवढ्यावर ऐकतात, कारण त्यांनाही सेशन असं अर्धवट पडलेलं आवडत नाही.

मग रविवारी पहारेकरी तुझ्याजवळ येऊन विचारेल, 'काय पुटपुटलास?' तू काय सांगणार ते आत्ताच ठरवून जा. 'आमच्याकडं जेवणाआधी अन्नाला नमस्कार करतात' हे चालून जाईल, डिसेप्शनचा रोल बरा पडला तर. खजिनदाराचा सेव्ह अजून झालेला नाही हे दादाला आठवण करून दे. तो फसला तर किल्ली तुझ्या हातात पडायला अजून वाव आहे. दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट तुझ्याकडं उरलाय. तो त्या दालनात वापरू नकोस.

— ताई